बाबांनी आता चालून करायचं काय?

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. वडील ७३ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. दीड वर्षापूर्वी आई गेल्या आणि तेव्हापासून बाबांचं बाहेर पडणं जवळजवळ थांबलं. गुडघ्यांची झीज आहे, बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे. तुम्ही घरी ट्रेडमिल आणली, त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं, रोज सकाळी आठवण करता. त्यावर ते एवढंच म्हणतात, "आता चालून काय करू?" आणि तुम्ही विचारता, की त्यांना प्रेरणा द्यायची कशी.

मी २६ वर्षं पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणारे बरेचसे लोक साठीच्या पुढचे असतात. त्यांच्याबरोबर आलेली मुलं-सुना निघताना दाराशी थांबून, आवाज खाली आणून हाच प्रश्न विचारतात.

"आता चालून काय करू?" हा घरच्यांना हट्ट वाटतो. मला तो सरळ विचारलेला प्रश्न वाटतो, आणि त्याचं उत्तर त्यांना अजून कोणी दिलेलं नाही. आपण सांगतो, हार्ट चांगलं राहील, शुगर वाढणार नाही, पुढे त्रास होणार नाही. ही सगळी चाळिशीतल्या माणसाला पटणारी उत्तरं आहेत, कारण त्याला पुढची तीस-चाळीस वर्षं दिसत असतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सन यांनी या विषयावर मोठं काम केलं आहे. त्यांची मांडणी अशी, की पुढचा काळ थोडा आहे असं जाणवायला लागलं की माणूस लांबच्या फायद्यापेक्षा आज मनाला समाधान देणाऱ्या गोष्टी आणि जवळची माणसं निवडतो. मला हे रोज दिसतं. सत्तरीतल्या माणसाला "दहा वर्षांनी फायदा होईल" सांगितलं की तो मान हलवतो आणि जागचा हलत नाही. "रविवारी नातवाला घेऊन सारसबागेत जाता येईल" म्हटलं की तो चप्पल कुठे आहे ते बघतो.

बाबांचा दिवस जरा मागे जाऊन आठवून बघा. त्यांच्या पिढीतला कष्टाचं काम केलेला माणूस चालण्यासाठी म्हणून कधी चालला नाही. तो ड्युटीला जायला चालला, दळण आणायला चालला, लाइट बिलाच्या रांगेत उभा राहिला, संध्याकाळी बायकोबरोबर मंडईत गेला. ड्युटी संपली, बिल फोनवर भरलं जातं, भाजी दारात येते, आणि बरोबर चालणारं माणूस गेलं. एकेक कारण सुटत गेलं तसं चालणंही गेलं. त्यातली काही कारणं आपण मुलांनीच प्रेमापोटी काढून घेतलेली असतात: "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता, मी आणतो."

म्हणून मी तुमचा प्रश्न थोडा बदलून घेते. उठून जाण्यासारखं त्यांच्या दिवसात काय उरलं आहे, आणि तिथे जाताना वाटेत त्यांना काय अडवतं? यातला अडथळ्यांचा भाग मी नेहमी आधी बघते, कारण ते दूर केल्याशिवाय कुठलाही हेतू फार दिवस टिकत नाही.

इथून मला बाबा दिसत नाहीत, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच तपासाव्या लागतील. पहिली अशी, की जी कोणीच सांगत नाही. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे यायचे, वय ७६. सुनेचं म्हणणं, की दिवसभर सोफ्यावर बसून असतात. तिसऱ्या-चौथ्या भेटीत सून औषधं आणायला खाली गेली तेव्हा ते बोलले. लघवी लागली की दोन मिनिटंही धीर धरवत नव्हता, आणि फिरायच्या बागेतलं स्वच्छतागृह बहुतेक वेळा कुलूपबंद असायचं. एकदा रस्त्यातच पँट ओली झाली होती. त्या दिवसापासून त्यांनी बाहेर जाणंच सोडलं आणि घरात कारण सांगितलं गुडघ्याचं. आम्ही त्यांना युरॉलॉजिस्टकडे पाठवलं, प्रोस्टेटचे उपचार सुरू झाले आणि फेरीचा रस्ता असा आखला, की मधोमध एका मित्राचं घर येईल. पुढच्या महिन्यात ते रोज बाहेर पडत होते. चालण्याबद्दलचं एकही भाषण त्यांना द्यावं लागलं नाही. बायकांच्या बाबतीत हेच खोकताना, शिंकताना लघवी सुटण्याबद्दल असतं. त्यावर ओटीपोटाखालच्या स्नायूंचे चांगले व्यायाम आहेत, पण आया हे मुलाजवळ बोलत नाहीत. घरातल्या लेकीने किंवा सुनेने एकांतात विचारावं.

दुसरी गोष्ट पडण्याची भीती. एकदा तोल गेला, अगदी लागलं नसलं तरी, माणूस चालणं कमी करतो. चालणं कमी झालं की पाय अशक्त होतात, आणि अशक्त पायांनी पडण्याचा धोका आणखी वाढतो. भीती आहे हे बहुतेक जण कबूल करत नाहीत, पण चालताना नजर सतत पावलांकडे असते, हात भिंतीला लागतो, गर्दीच्या वेळी बाहेर जायचं टाळतात. रस्त्यावरची कुत्री आणि उखडलेले फूटपाथ हीसुद्धा खरी कारणं आहेत. ती मनाचे खेळ समजू नका. घासलेल्या सपाता बदला आणि टाचेला मागून पट्टा असलेली पादत्राणं घ्या. मोतीबिंदू वाढलाय का, ते बघा. उठल्याबरोबर चक्कर येते का, ते विचारा. बीपीच्या काही गोळ्यांनी तसं होतं आणि डॉक्टर वेळ किंवा डोस बदलून देऊ शकतात.

तिसरी गोष्ट तुमच्या घरात मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दीड वर्ष झालं. जेवणाची चव, झोप, टीव्हीवरची आवडती मॅच, नातवंडांशी बोलणं यांतलं काय परत आलं आणि काय आलं नाही, ते नीट बघा. म्हाताऱ्या माणसांचं नैराश्य रडण्यातून कमी आणि अंगदुखी, थकवा, "मला काही नको" यांतून जास्त दिसतं. सगळ्याच गोष्टींतला रस गेला असेल तर त्यांना आधी डॉक्टरांकडे न्या. उपचार होऊ शकणाऱ्या आजाराला आळस म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

आता हेतूबद्दल. हे मला एका बाईंनी शिकवलं. वय ६९, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. मी दिलेला व्यायामांचा कागद त्यांनी फ्रिजवर नीट चिकटवून ठेवला होता, पण व्यायाम होत नव्हते. एक दिवस मी विचारलं, "बरं वाटल्यावर पहिल्यांदा कुठे जाल?" त्या लगेच म्हणाल्या, "साताऱ्याला, बहिणीकडे. पण एसटीची पायरी चढवेल असं वाटत नाही." मी तो कागद बाजूला ठेवला. लाकडी फळ्या एकावर एक रचून पायरी केली आणि दर आठवड्याला थोडी उंच करत नेली. दांडा धरायचा, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. मांडीच्या स्नायूंना लागणारा व्यायाम कागदावर होता तोच होता, पण आता त्याला साताऱ्याचा रस्ता मिळाला होता. अकराव्या आठवड्यात त्या बहिणीकडे जाऊन राहून आल्या. तेव्हापासून कोणत्याही ज्येष्ठ माणसाला मी आधी दुखणं विचारत नाही, कुठे जायचं आहे ते विचारते.

दुसरा अनुभव किल्लीचा. एका वस्तीतल्या विरंगुळा केंद्रात मी आठवड्यातून दोनदा व्यायाम घ्यायचे. एक काका महिन्यातून चार दिवस यायचे, उरलेले दिवस काही ना काही अडचण. तिथल्या ज्येष्ठ नागरिक संघाने त्यांच्याकडे केंद्राच्या दाराची किल्ली दिली: सकाळी पावणेसातला तुम्ही उघडायचं. मग पावसाळ्यातही त्यांचा खाडा झाला नाही. आपण गेलो नाही तर दहा माणसं बाहेर उभी राहतील, ही जाणीव कुठल्याही घड्याळाच्या कंपनापेक्षा मोठी होती. आपल्याकडे मुलं वडिलांना आराम देतात. काम द्यायला कचरतात. पण कोणाला तरी आपली गरज आहे, या भावनेने उतारवयातली माणसं किती चालतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि महाराष्ट्रात राहून वारीकडे न बघता हा विषय सुटत नाही. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण अशी सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालून आषाढी एकादशीला पंढरपुरात असते. त्यात सत्तरी ओलांडलेली कितीतरी माणसं दिवे घाट चढतात. त्यांना चालण्याचे फायदे कोणी समजावलेले नसतात. पोचण्याचं ठिकाण त्यांना जिवापाड हवं असतं. दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते, नाही दिसलं तर शेजारचा विचारतो. विसावे ठरलेले असतात, म्हणजे थकल्यावर थांबण्यात कमीपणा नसतो. आणि वेग असा, की अभंग म्हणत चालता यावं. ठिकाण, सोबत, ठरलेली वेळ आणि झेपणारा वेग, एवढ्यावर ती माणसं चालत राहतात. वारीनंतर सुजलेले गुडघे घेऊन माझ्याकडे येणारेही असतात. ते बहुतेक वर्षभर बसून राहून एकदम चाललेले असतात. म्हणून वारीची तयारी दिवाळीनंतरच सुरू करा, असं मी सांगते.

तुमचे बाबा वारकरी नसतील, त्याने अडत नाही. वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातात एक विद्या असते. सोसायटीतल्या पोरांच्या सायकली दुरुस्त करायला रविवारी सकाळी खाली बसतील का? पंपाचा आवाज बदललाय, जरा बघता का, असं कोणी बोलवायला येऊ शकेल का? बरोबर निवृत्त झालेले कोणी जवळ राहतात का? यांतलं काय लागू पडेल ते माणसावर आणि जागेवर अवलंबून आहे. गर्दीत खुलणारा माणूस हास्यक्लबात महिन्याभरात रमतो. अबोल माणसाला तिथे अवघडल्यासारखं होतं, त्याला एकच मित्र पुरतो. तुम्ही निवडू नका. दोन-तीन गोष्टी त्यांच्यासमोर ठेवा आणि निवड त्यांना करू द्या. ज्याने आयुष्यभर घर चालवलं त्याला सकाळी उठून "बाबा, आज चाललात का?" असं विचारलं की तो हजेरी घेतल्यासारखा आक्रसतो.

घड्याळही काही दिवस काढून ठेवा. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून पसरला. त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. २०१९ साली आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षांच्या अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या आसपास पुढचा फायदा वाढेनासा झाला. रोज "९,००० बाकी" असं दाखवणारं यंत्र हाताला असेल तर १,००० पावलं चाललेला माणूस संध्याकाळी हरल्यासारखा झोपतो. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगते. तो आकडा तुम्ही लक्षात ठेवा, बाबांसमोर इतक्यात काढू नका.

"या वयात स्नायू कुठे बनतात" असं ते म्हणतील. बनतात. बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोने यांनी १९९० साली वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी वजनं उचलायला लावली. ज्या नऊ जणांनी ते पूर्ण केलं त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. याची दुसरी बाजूही सांगते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं, आणि तेवढ्यात पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं. म्हणून "बाबा, आराम करा" हे वाक्य घरातून कमी करा.

सुरुवात मी पायांच्या ताकदीपासून करेन, चालण्यापासून नाही. भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची घ्या, तुम्ही शेजारी उभे राहा. हात छातीशी धरून ३० सेकंदांत ते किती वेळा पूर्ण उभे राहून बसतात ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या पुरुषाचे १२ पेक्षा कमी झाले तर पाय अशक्त आहेत आणि पडण्याचा धोका आहे, असं आम्ही धरतो. कमी आले तर तोंड पाडू नका. हात टेकून उठले तरी चालेल, खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवली तरी चालेल. पहिल्या आठवड्यात पाच वेळा, दिवसातून दोनदा, चहाच्या आधी. दर आठवड्याला एक-दोन वाढवा. ओट्याला धरून टाचा उचलणं त्याच्या जोडीला. मी हे आधी करते, कारण तीन-चार आठवड्यांत कमोडवरून उठणं सोपं होतं आणि ते माणसाला स्वतःला जाणवतं. "मला जमतंय" हा विश्वास सांगून येत नाही. असा एखादा अनुभव आला की येतो, आणि मग माणूस स्वतःहून पुढचं विचारतो.

गुडघ्याबद्दल त्यांना भीती असेल, की चाललं तर आणखी झिजेल. माझा नियम असा: चालताना सोसवेल एवढं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीसारखं झालं, तर चालणं योग्य आहे. सकाळी जास्त दुखलं किंवा सूज आली तर अंतर कमी करा, थांबवू नका. एक्स-रेमधली झीज आणि दुखण्याचं प्रमाण यांचा मेळ अनेकदा बसत नाही, म्हणून एक्स-रे दाखवून त्यांना घाबरवू नका. उताराचा आणि पायऱ्या उतरण्याचा ताण चढण्यापेक्षा गुडघ्याला जास्त जाणवतो, त्यामुळे पर्वती-टेकडी सध्या नको, सपाट रस्ता बरा. काठी घेतली तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात.

श्रम किती असावेत? चालताना बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये, तो मध्यम वेग. सुरुवातीला अभंग म्हणता येईल असाच ठेवा. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडीचे ठोके मुळातच कमी राहतात, म्हणून घड्याळावरच्या ठोक्यांवर विसंबू नका. छातीत दडपण, नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर, चालताना पोटरीत वळ येऊन थांबल्यावर जाणं, गुडघा अचानक लाल-गरम होणं, यांतलं काही झालं तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर.

एवढ्यात करायचं ते पुन्हा एका दमात सांगते: लघवी, चक्कर, नजर, चप्पल आणि मन यांची चौकशी, मग खुर्चीवरची उठबस, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक छोटं काम, ज्यासाठी त्यांना घराबाहेर जावं लागेल आणि जिथे कोणी त्यांची वाट बघत असेल. दूध आणायला ते जाणार असतील तर घरी येणारी पिशवी खरोखर बंद करा. त्यांनी एखाद्या दिवशी नाही आणलं तर त्या दिवशी काळा चहा प्या आणि काही बोलू नका. ट्रेडमिल राहू द्या, भर पावसात उपयोगी पडेल. पण पहिले काही दिवस कोणीतरी शेजारी असल्याशिवाय त्यावर चढू देऊ नका.

किती दिवसांत बदल दिसेल ते मी सांगू शकत नाही. काही जण पंधरा दिवसांत घराबाहेर पडले, एका आजोबांना आठ महिने लागले. मध्ये पाहुणे, ताप, पाऊस येतो आणि सगळं मागे जातं, तेव्हा पुन्हा पाच उठबशांपासून सुरू करायचं असतं.

मला तीन गोष्टी कळवा. ३० सेकंदांत किती वेळा उठले, रात्री लघवीला किती वेळा उठतात, आणि संध्याकाळी ते आणि आई कोणत्या रस्त्याने मंडईत जायचे. ही शेवटची गोष्ट त्यांनाच विचारा, घाई न करता, आणि सांगायला लागले तर मध्ये बोलू नका. काही माणसांना तोच रस्ता परत चालायचा असतो, काहींना तो अजून वर्षभर टाळायचा असतो. पहिली फेरी कुठून काढायची, ते त्यांच्या सांगण्यावरून ठरवू.